डोंगराला घातलेलं छप्पर

ज्या उताराखाली तुमचं शेत नाही, त्या उतारावर काय अंथरायचं हे ठरवायचा हक्क तुम्हाला आहे का?

प्रश्न तुम्हाला विचारतेय खरी, पण वैशाख लागल्यापासून तो माझ्याच मागे लागलाय. किन्हवलीहून मुरबाडकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसले होते. दोन्ही बाजूंना राब जळत होते. भाताचं बी जिथे पेरायचं त्या तुकड्यावर पाला, शेण, गवत पसरून ते पेटवायचं, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमाने येतं. त्याचा धूर जमिनीलगत रांगत असतो आणि कपड्यांत मुरून घरापर्यंत येतो. त्या धुरापलीकडे एक डोंगर नव्याने कापलेला दिसला. लालभडक, ओला नसूनही ओला वाटणारा. त्याच्या कडेवर वरपासून खालपर्यंत हिरवी प्लॅस्टिकची जाळी ठोकलेली. शेजारी बसलेले गृहस्थ वाकून बघत म्हणाले, चांगलं हिरवं केलंय हो. एरवी मी वाद घातला असता, पण त्या क्षणी मला जाळी दिसतच नव्हती. तिच्या खाली कुणाचं भातखाचर आहे ते मी शोधत होते.

आमच्या घरी पाहुण्याला पाण्याच्या आधी पत्रक मिळायचं. बाबा सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचे, आई घड्या घालायची, आणि मी एका बाजूने कोऱ्या राहिलेल्या कागदांवर पाढे लिहायची. ‘निषेध’ हा शब्द मला ‘आगगाडी’च्या आधी लिहिता आला. शाईचा वास आला की अजूनही मला भूक लागते, कारण पत्रकं निघायची त्या दिवशी घरात दहा-बारा माणसं असायची आणि आई मोठ्या पातेल्यात खिचडी टाकायची. अशा घरात वाढलेल्या माणसाला जगातल्या प्रत्येक गोष्टीची एक योग्य बाजू असते असं वाटतं. मलाही वाटतं. आजही वाटतं. फक्त योग्य बाजूला उभं राहिलेल्या माणसाचे पाय कुणाच्या बांधावर असतात, हे मी त्या उन्हाळ्यापासून पाहू लागले.

तो उन्हाळा नव्वदच्या दशकाच्या अखेरचा. मुंबईच्या लोकांना आमच्याकडे फार्महाऊस हवीशी वाटू लागली होती. ओसाड माळांवर प्लॉटच्या खुणांचे पांढरे दगड उगवत होते. अशाच एका प्लॉटवाल्यांसाठी डोंगराच्या कमरेतून रस्ता काढला गेला, एका पाड्याच्या बरोबर वरून. जेसीबीने डोंगर उभा कापला आणि निघालेला मुरूम खाली लोटून दिला. कापलेल्या कडेच्या पायथ्याशी जनीबाय आणि तिचा नवरा काळू यांची खाचरं होती. एक वरचं, एक खालचं, आणि वरच्या खाचराच्या कोपऱ्यात राबाचा तुकडा. वर्षाचं भात तेवढंच. पहिल्या जोरकस पावसात वरची माती सुटली असती, तर ती सरळ त्यांच्या अन्नात उतरली असती. बाकी सगळ्या गोष्टी, म्हणजे पर्यावरण, विकास, धोरण, त्या दोन तुकड्यांच्या वर कुठेतरी तरंगत होत्या.

कापलेली माती धरून ठेवायला कंत्राटदाराने आपणहून प्लॅस्टिकची जाळी देऊ केली होती. रस्त्याच्या पलीकडच्या कडेवर, जिथे प्लॉट बघायला येणाऱ्यांची नजर पडायची, तिथे त्याने ती ठोकूनही टाकली. अलीकडच्या, म्हणजे पाड्याकडच्या कडेवर आम्हा तरुण कार्यकर्त्यांच्या मंडळाने ती घालू दिली नाही. मी त्यावर पत्रक लिहिलं. जे कुजत नाही ते डोंगरावर पडू देणार नाही, असं त्यातलं पहिलं वाक्य होतं. मला ते वाक्य अजून आवडतं.

मग प्रश्न उरला, प्लॅस्टिक नको तर काय. आमच्या मंडळातला विलास शहापूरचा, बांधकामाचा डिप्लोमा करत होता. तो कुठून तरी तीन तुकडे घेऊन आला, आणि आमच्या मागच्या अंगणात आम्ही ते मांडले. हिरवं प्लॅस्टिक, तागाची जाळी आणि काथ्याची जाळी. तिन्ही बादलीत बुडवले. प्लॅस्टिक होतं तसंच वर आलं, पाणी झटकून मोकळं. ताग पाणी पीत गेला, फुगला, जड झाला, आणि फरशीवर टाकल्यावर फरशीलाच चिकटला, झोपलेल्या मांजरासारखा. काथ्या भिजला तरी ताठ. बोटांना टोचत होता. नारळाच्या सोडणाचा तो आंबूस वास अंगणात दिवसभर राहिला.

विलासचं म्हणणं सरळ होतं. ताग एका पावसाळ्यात, फार तर दोन पावसाळ्यांत जाईल. काथ्या तीन-चार काढेल. प्लॅस्टिक आपल्या नातवंडांना पुरेल. ‘तू पत्रक लिहून मोकळी होशील,’ तो म्हणाला, ‘माती पत्रक वाचत नाही.’ मी त्याला म्हटलं, गवत उगवेपर्यंतच जाळीने थांबायचं असतं. मग तिने निघून जायला हवं. राहायला आलेली वस्तू डोंगराला नको. आम्ही बराच वेळ भांडलो, आणि काथ्यावर थांबलो. तडजोड होती ती. कुजणारं हवं या माझ्या आग्रहाची आणि लवकर कुजेल या भीतीची.

पाड्यावर बैठक झाली तेव्हा मी तयारीने गेले होते. माझ्या डोक्यात एक चित्र होतं, आणि ते मला फार सुंदर वाटत होतं. ह्या लोकांकडे सगळंच कुजणारं असतं. छपराचं गवत, पावसातलं इरलं, टोपल्या, कुडाच्या भिंती. दरवर्षी जुनं मातीत जातं, नवं येतं. तेव्हा कुजणारी जाळी ह्यांना समजावून सांगायला नकोच, असं मी धरून चालले होते. मी तसं बोललेही.

जनीबायने सगळं ऐकून घेतलं. ती तेव्हा पस्तिशीची असेल. बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या कामाकडे बघायची सवय. तिने विचारलं, ‘बाय, ह्या सडणार ना?’

हो, म्हटलं, पण तोवर गवत येईल.

‘छप्पर सडतो, इरला सडतो, ता खरा. पन दरसाल नवा कोन करतो? आमीच ना? तुमाला सडलेला बरा वाटतो, कारन तुमाला परत करायचा नसतो.’

बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, आमच्या अंगावर धड लुगडा नाय आन् ह्या डोंगराला लुगडा नेसवताव. पुरुषांच्या बाजूने कुणीतरी विचारलं की नऊवारी की पाचवारी. त्या हशात मीही सामील झाले, पण कान तापले होते. जनीबाय हसत नव्हती. ‘गवत आलाच नाय तर?’ एवढंच तिने पुढे विचारलं. मी म्हटलं, येईल. तिने मान हलवली. ती होकाराची होती की संपलं असं सांगणारी, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

आता वाटतं, एखादी वस्तू निसर्गात विरघळून जाते असं आपण म्हणतो, तेव्हा तिच्यामागे राहणारं काम कुठे विरघळतं? ते कुणाच्या तरी हातात परत येतं. माझ्या पत्रकात ‘जैविक’ हा शब्द बऱ्याच वेळा होता, ‘हात’ हा शब्द नव्हता.

तरीही काम सुरू झालं ते उत्साहात. आमच्या भागातून गवताच्या गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जातात. गवताच्या वखारीत जमिनीवर बी सांडतं. बायांनी ती झाडलोट पाट्यांतून भरून आणली, आणि कडेवर पेरली. धूळ, काड्या, बी, सगळं एकत्र. ते नाकात जाऊन सगळ्या शिंकत होत्या. वैशाखातलं ऊन, खालून राबाचा धूर, आणि वर कापलेल्या मातीतून निघणारी कोरडी वाफ. काथ्याचे गुंडाळे वरून सोडले की ते घरंगळत खाली यायचे, आणि पोरं ओरडायची.

जाळी अंथरायचं काम काळूने हातात घेतलं. घर शाकारण्यात त्याचा हात सफाईचा. पाड्यातल्या अर्ध्या छपरांवर त्याचं गवत होतं. त्याने जाळी खालून वर लावत नेली, वरच्या पट्टीचा काठ खालच्या पट्टीवर. कोपरे बांबूच्या खुंट्यांना बांधले आणि ती ताणली. अशी ताणली की बोटाने टिचकी मारली तर आवाज यावा. कुठे सुरकुती नाही, कुठे झोळ नाही. खाली उभं राहून बघितलं तर डोंगरावर सोनेरी चटई टाकल्यासारखं दिसत होतं. विलासने चढून पाहिलं, खुंट्या हलवल्या, पक्क्या होत्या. मी फोटो काढला. काळू कमरेवर हात ठेवून म्हणाला, ‘थेंब आत जायचा नाय.’

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. वाक्य तिथेच होतं, सगळ्यांच्या समोर, उघड्यावर. कुणालाच काही खटकलं नाही.

ज्येष्ठ रिमझिमत गेला. राबात रोपं वीतभर झाली, तो पोपटी रंग बघायला म्हणून मी दोनदा पाड्यावर जाऊन आले. मंडळाच्या बैठकीत आमच्या कामाचं कौतुक झालं. मग आषाढात पाऊस उभा राहिला. आमच्याकडे त्याला पडणं म्हणत नाहीत, तो उभा राहतो, समोरचं झाड दिसेनासं होईपर्यंत. सकाळी पाड्यावरचा एकजण भिजत किन्हवलीला आमच्या घरी आला, म्हणाला, जनीबायने बोलावलंय. विलास आदल्या दिवसापासून आमच्याकडेच होता. आम्ही दोघं निघालो.

उतार समोर आला तेव्हा मला आधी हायसं वाटलं. जाळी जशीच्या तशी होती. एक गाठ सुटली नव्हती, एक खुंटी उपटली नव्हती. आणि तिच्या खालच्या काठातून चहासारखं दाट पाणी बाहेर पडत होतं, एका ठिकाणाहून नाही, सगळीकडून. जनीबाय त्या काठाशी बसली होती. तिने आपला हात कोपरापर्यंत जाळीखाली घातला होता, आणि तो हात आत इकडेतिकडे हलत होता. तिथे माती असायला हवी होती. तिथे पोकळी होती.

कापलेली कड कधी सपाट नसते. तिच्यात खळगे असतात, दगड निघालेले खड्डे असतात. ताठ काथ्या ताणून बसवल्यावर तो ह्या उंचवट्यावरून त्या उंचवट्यावर गेला, मधले खळगे झाकून. पाणी जाळीच्या भोकांतून आणि वरच्या काठाने आत शिरलं, आणि जाळीखाली कुणाला न दिसता माती नेत राहिलं. छपराखालून ओहोळ वाहावा तसं. जाळीने मातीला धरायचं तर तिला मातीवर सैल पडायला हवं, प्रत्येक खळग्यात उतरायला हवं, पाणी आत मुरू द्यायला हवं. ताण नको होता, स्पर्श हवा होता. घर शाकारणाऱ्या हातांना हे सुचणार नाही, कारण ते हात आयुष्यभर पाण्याला बाहेर ठेवत आलेले. आणि आम्हाला सुचलं नाही, कारण आम्हाला फोटोत ते फार चांगलं दिसलं.

काळूला ते आमच्या आधी उमगलं. तो खाली चिखलात बसला, आणि हसला. ‘आमी डोंगराला छप्पर घातला रे,’ तो विलासला म्हणाला. त्याचं ते हसणं मला बघवेना.

राबाचा तुकडा दिसत नव्हता. त्याच्या जागी लाल मुरमाचा एक गुळगुळीत पसरट ढीग होता, आणि त्याच्या कडेला चार-सहा पोपटी टोकं वर आलेली. वरच्या खाचरात पाणी नव्हतं, गाळ होता. रस्त्याच्या पलीकडे ती हिरवी प्लॅस्टिकची जाळी लोखंडी आकड्यांनी मातीला ठोकलेली, शांत भिजत होती. तिच्याखालून येणारं पाणी जवळजवळ स्वच्छ होतं. हे मला लिहिलंच पाहिजे. त्या सकाळी ती टिकली होती, आमची नव्हती.

विलास माझ्यावर ओरडला. त्याने सांगितलं होतं, हेच सांगितलं होतं, वगैरे. मी त्याला म्हणाले, दोष काथ्याचा नाही, अंथरण्याचा आहे. ते खरं होतं. ते म्हणताना मी गाडलेल्या राबावर उभी होते, हेही खरं होतं. विलास म्हणाला, कंत्राटदाराकडे जाळी शिल्लक आहे, आता तरी जाऊन आणू. आम्ही दोघंही जनीबायकडे बघायला लागलो, जणू निकाल तिने द्यायचा होता.

तिने हात जाळीखालून काढला, लुगड्याला पुसला. ‘आता काय बी आना,’ ती म्हणाली. ‘काथ्या आना, पल्लास्टिक आना. पन आनून जाव नका.’

आम्ही गेलो नाही. पुढचे सगळे दिवस आम्ही त्या उतारावर होतो. गाठी सोडल्या, जाळी सैल केली. पाड्यातल्या घराघरातून जुनी गोणपाटं आली, ती उसवून, भिजवून, वखारीतल्या बियाची झाडलोट त्यांच्यावर थापून खळग्यांत कोंबली, आणि वरून काथ्या दाबला. जिथे खोलगट तिथे खुंटी, जिथे पोकळ तिथे दगड. खाली ओला ताग, वर ताठ काथ्या. अंगणात ज्या दोघांमधून आम्ही एकाची निवड केली होती, ते दोघंही शेवटी लागले. काळू प्रत्येक खळग्यात स्वतः पाय देऊन बघायचा आणि म्हणायचा, हितं घर नाय, हितं डोंगर हाय. दिवसभर तेच वाक्य, कधी स्वतःला, कधी आम्हाला, कधी काथ्याला शिव्या घालत. माझ्या बोटांची सालं गेली. रात्री भाकरी मोडताना झोंबायचं.

पाड्यात लावणी झाल्यावर उरलेली रोपं कुणी विकत नाही, मागेल त्याची असतात. जनीबायला ती मागावी लागली. पण मागायची म्हणजे सगळ्यांची लावणी उरकेपर्यंत थांबायचं, आणि उरलेली रोपं म्हणजे वाढून बसलेली, पिवळटलेली. ती तिने खालच्या खाचरात लावली. वरचं तसंच राहिलं. मी रोपांच्या मुठी तिच्या हातात देत होते, ती चिखलात रोवत मागे सरकत होती. एकदाच तिने मला म्हटलं, बाय, पाय बाजूला घे, रोप मोडतंय.

श्रावणात काथ्याच्या चौकोनांतून गवत वर आलं. आधी मला वाटलं शेवाळ असेल. दसऱ्यापर्यंत जाळी दिसेनाशी झाली. पुढच्या वर्षी गोणपाट हाताला लागेना. चौथ्या पावसाळ्यानंतर मी मुद्दाम गवत बाजूला करून शोधलं, तेव्हा काथ्याचा एक काळा पडलेला धागा सापडला, तो चिमटीत धरताच त्याची माती झाली. पलीकडची प्लॅस्टिकची जाळी उन्हाने तडकली आहे. तिच्यात अडकून मेलेली धामण काळूने कापून काढली होती. जाळीचे हिरवे धागे वाऱ्याने इकडे येतात, आणि नांगराच्या फाळाला गुंडाळले जातात. म्हणजे माझं पत्रक बरोबर होतं. आज कुणी वाद घातला तर मी जिंकेन.

पण जनीबायने दोन उन्हाळे पाट्यांनी मुरूम वाहिला, तरी वरच्या खाचराचा अर्धा भाग पूर्वीसारखा पिकत नाही. तिथे भात रुसलाय, असं ती म्हणते. त्या वर्षी घरातलं भात होळीच्या आधी संपलं, मग दोघं वीटभट्टीवर गेली, आणि पुढची काही वर्षं जातच राहिली. मी बरोबर असण्याला लागलेला तो वेळ तिच्या शेतातून गेला. माझ्या घरची खिचडी त्या वर्षीही पातेलं भरून झाली. तत्त्वाचा खर्च तत्त्व मांडणाऱ्याला आला असता, तर किती तत्त्वं उरली असती, असं वाटतं. आणि मग वाटतं, हाच विचार करून माणसं गप्प बसतात, आणि डोंगरावर हिरवं प्लॅस्टिक चढतं. ह्या दोन वाटण्यांच्या मध्ये मला अजून पाय ठेवायला जागा मिळालेली नाही.

यंदाच्या वैशाखात त्या एसटीतून उतरून मी नव्याने कापलेल्या उताराखाली गेले. प्लॅस्टिक कडेच्या अर्ध्या लांबीपर्यंतच आहे. उरलेली कड उघडी आहे, आणि तिच्या खाली तीन घरांची खाचरं आहेत. तिथल्या बायांना मी सांगितलं, काथ्या आणि ताग घालू, सैल घालू, मातीला लागून. त्यांतली एक, वयाने माझ्याच एवढी, शांतपणे म्हणाली, ‘घालू की. आन् आखाडात तुमी कुठं असाल?’

म्हणून हे लिहितेय. तुमच्या भागात असा उतार कापला गेला असेल, तर प्लॅस्टिक नाकारा, काथ्या मागा, ताग मागा, कुजणारंच मागा. पण ते मागायच्या आधी उतरून खालच्या बांधावर जा, शेत ज्यांचं आहे त्यांच्याशेजारी बसा, आणि आषाढातले आपले दिवस त्यांना देऊन टाका. पाऊस उभा राहिला की घरात थांबू नका. उतारावर चढा आणि जाळीखाली कोपरापर्यंत हात घाला. माती लागली तर पुढच्या खळग्याकडे सरका. पोकळ लागलं, तर हात तिथेच ठेवा आणि हाक मारा.